इंटरफेरॉन म्हणजे काय? विषाणूंपासून पेशी स्वतःचा बचाव कसा करतात?

विषाणू पेशीत शिरला की तिचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतो. पण पेशीतील काही प्रथिने विषाणूचा आरएनए किंवा डीएनए ओळखतात. मग एरवी बंद असलेली जनुके चालू होतात आणि इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार होऊन पेशीबाहेर पडतात.

ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी 1957 मध्ये लंडनमध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला. विषाणूच्या वाढीत ते ‘इंटरफिअर’ म्हणजेच हस्तक्षेप करते, म्हणून हे नाव.

इंटरफेरॉन हा शेजारच्या पेशींसाठी धोक्याचा इशारा असतो. तो मिळताच त्यांच्यातील शेकडो जनुके कामाला लागतात आणि विषाणू पोहोचण्याआधीच बचावाची तयारी होते. पुढे विषाणू शिरलाच, तर पीकेआर हे प्रथिन पेशीतील प्रथिननिर्मिती रोखते आणि आरएनेझ एल हे विकर आरएनएचे तुकडे करते.

या बचावाची झळ पेशीलाही बसते, कारण तिची स्वतःची कामेही थांबतात. फ्लूमधील ताप आणि अंगदुखीमागेही इंटरफेरॉनचा हात असतो. म्हणूनच धोका टळल्यावर ही जनुके पुन्हा शांत व्हावी लागतात.

हा इशारा पोहोचलाच नाही, तर साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेतू शकतो. 2020 मध्ये कोविड-19 च्या अत्यवस्थ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे 10 टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली.