अनिकेत जाधव : कोल्हापूरच्या फॉरवर्डला इतक्या जर्सी का बदलाव्या लागतात?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा महाराष्ट्रातून इंडियन सुपर लीगपर्यंत (आयएसएल) पोहोचलेल्या मोजक्या फॉरवर्डपैकी एक. त्याचा जन्म १३ जुलै २००० चा. वडील रिक्षाचालक. पेठापेठांतल्या तालमींचे संघ जिथे शाहू स्टेडियम भरवतात, त्या शहरातून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पुढे व्यावसायिक खेळाडू झाला.

सुरुवात कशी झाली?

२०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारतीय संघात होता. भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून हरला. त्यानंतर आय-लीगमध्ये इंडियन अ‍ॅरोजने चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ ने नमवलं. या सामन्यात अनिकेतला रेड कार्ड मिळालं आणि उरलेला खेळ भारताने दहा जणांवर काढला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी २०२२ मध्ये अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला.

कोणकोणते क्लब?

इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही काळ सराव करून २०१९ मध्ये तो जमशेदपूरकडे आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने हैदराबादविरुद्ध गोल केला आणि २०२१ मध्ये त्याच हैदराबादची जर्सी घातली. २०२१-२२ चा आयएसएल करंडक हैदराबादने जिंकला. पुढे ईस्ट बंगाल आणि ओडिशा हे मुक्काम झाले.

क्लब का बदलतात?

पहिलं कारण जागेचं. आयएसएलमध्ये मधल्या फॉरवर्डची जागा बहुतेकदा परदेशी खेळाडूकडे जाते. हैदराबादच्या विजेतेपदाच्या हंगामात बार्थोलोम्यू ओगबेचेने १८ गोल केले. २०२१-२२ पासून एका वेळी मैदानात जास्तीत जास्त चार परदेशी, असा नियम आला. त्याआधी ही संख्या पाच होती. भारतीय फॉरवर्डच्या वाट्याला मग विंगवरची जागा किंवा बाकावरून शेवटची वीस मिनिटं येतात. तिथे गोल कमी होतात आणि पुढच्या करारात मागितले जातात ते गोलच.

दुसरं कारण कराराचं. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू नव्या क्लबशी करार करू शकतो, असं फिफाचा नियम सांगतो. करार चालू असताना खेळायला मिळत नसेल, तर ‘लोन’वर म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे जाता येतं.

तिसरं कारण पैशांचं. विजेतेपदानंतर दोन वर्षांच्या आतच हैदराबादमध्ये खेळाडूंचे पगार थकले आणि जानेवारी २०२४ पर्यंत अनेकांनी क्लब सोडला. २०२५ मध्ये आयोजन हक्कांचा करार अडकल्याने आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही. काही क्लबांनी पगार थांबवले.

यातून काय समजतं?

वारंवार क्लब बदलणारा फॉरवर्ड अपयशी ठरला, असं सोशल मीडियावर सहज म्हटलं जातं. पण दर हंगामात कुणीतरी त्याला घेतं, याचा अर्थ त्याच्या खेळाला बाजारात किंमत आहे. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं साधारण दहा-पंधराच असतात. भारतात त्यातला एक हंगाम बुडाला, तर तो पुन्हा मिळत नाही.