निवडलेली पेशी

लातूरच्या डाळीच्या बाजारात वावरणाऱ्यास निवडण्याचे मोल सांगावयास नको. शरीराच्या पेशींबाबत मात्र हे निवडण्याचे साधन हाती यावयास शास्त्रज्ञांना फार वाट पाहावी लागली. त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

तंबाखूची गोळी धरून गालात झालेल्या गाठीचा तुकडा घ्या. त्यांत कर्करोगाच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्या, तंतू आणि निरोगी पेशीही असतात. सगळा तुकडा वाटून तपासला, तर उत्तर या साऱ्यांच्या मिश्रणाचे मिळते.

१९५२ साली मुंबईस परळ येथे डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. नांदेड व लातूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. पुढील दशकात याच केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर वाढवून तिचा स्वभाव पाहावयाचा, हा तो मार्ग होय. त्याने पुष्कळ ज्ञान दिले. परंतु घर सोडून परगावी राहिलेल्या माणसाप्रमाणे काचपात्रातील पेशीचेही वागणे बदलते. तिला मूळ जागीच गाठावयाचे कसे?

१९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर प्रकाशित केला. १९९६ साली तेथीलच बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एमर्ट-बक, लिओटा व त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. ऊतीचा अतिशय पातळ काप काचपट्टीवर ठेवावयाचा व त्यावर उष्णतेने वितळणारा पारदर्शक पापुद्रा टेकवावयाचा. सूक्ष्मदर्शकातून हवी ती पेशी हेरून तेवढ्याच जागी अवरक्त लेसरचा क्षणिक झोत सोडला, की पापुद्रा वितळून तिला चिकटतो. तो उचलताच पेशीही वर येते आणि तिच्यातील जनुके व प्रथिने वेगळी तपासता येतात.

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. तुकडा काढल्यावर तासन्‌तास तसाच पडून राहिला, किंवा फॉर्मॅलिनमध्ये गरजेहून फार दिवस राहिला, तर पेशीतील जनुकद्रव्याचे तुकडे पडतात. मग कितीही नेमका लेसर आणला तरी ते पुन्हा सांधता येत नाहीत. आज नांदेड व लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. लेसर कोठल्याही मोठ्या शहरी असो. तुकडा आपल्याच माणसाचा असतो, आणि तो नीट राखणारा पहिला हात आपल्याच गावचा असतो. संशोधनाचा आरंभ त्या हातापासून होतो, हे आपण विसरू नये.