पुण्याचे हौद

नगर वसविणाऱ्याची दृष्टि किती लांबची होती हें पाहावयाचें तर त्याचे वाडे पाहूं नयेत. त्यानें पाणी कोठून आणलें तें पाहावें. आणि तें कोणाच्या घागरींत पडलें, हेंहि.

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या डोंगराखालीं तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणण्यांत आलें. यंत्राचें नांव नव्हतें. जमिनीचा उतार तेवढा हिशेबांत धरलेला. हवा खेळावी, गाळ काढतां यावा म्हणून वाटेंत उच्छ्वास ठेविले, आणि शहरांत ठिकठिकाणीं हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें जुन्या पुणेकरांच्या तोंडीं अद्यापि आहेत. उतारानें वाहणाऱ्या पाण्याला इंधन लागत नाहीं. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती त्यामुळेंच.

परंतु या चोख हिशेबांत कांहीं माणसें धरलेलीच नव्हतीं. अस्पृश्य मानलेल्या जातींना हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी दया येऊन वरून पाणी घातलें तर घागर भरे. एरव्हीं भरल्या हौदाशेजारीं रिकामी घागर घेऊन ताटकळावें.

1868 सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद या लोकांस खुला केला. पुण्याची नगरपालिका स्थापन होऊन तेव्हां 11 वर्षें झालीं होतीं. जें तिनें करावयाचें तें एका गृहस्थाला स्वतःच्या अंगणांत करावें लागलें!

पुढें 1876 पासून 1882 पर्यंत फुले त्याच नगरपालिकेचे सभासद होते. 1880 सालीं व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चण्यास त्यांनीं विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, हें त्यांचें म्हणणें. नव्या मंडईच्या खर्चिक इमारतीसहि ते प्रतिकूल होते. आज त्याच मंडईला त्यांचें नांव आहे. विरोधकाला पचविण्याची नगरपित्यांची ही रीत मोठी गमतीची म्हणावी लागेल.

खडकवासल्याचें धरण झालें, घरोघर नळ आले, हौदांचें महत्त्व ओसरलें. 26 जानेवारी 1950 रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें सार्वजनिक विहिरी व तलाव यांवरील जातीची बंदी कायद्यानें उठविली. त्यानंतर अवघ्या 20 दिवसांनीं पुण्याची महानगरपालिका झाली.

मात्र उताराचा नियम कायद्यानें बदलत नाहीं. 27 सप्टेंबर 2018 रोजीं खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला. पाणी सखल भागाकडे धांवलें, आणि दांडेकर पुलालगतच्या झोपड्यांत शिरून चुलीभांडीं घेऊन गेलें. नगराच्या सखल जागा कोणाच्या वांट्याला येतात, हें कोणत्याहि नकाशावर लिहिलेलें नसतें. गंज पेठेंतील त्या हौदापासून दांडेकर पूल पायीं जाण्याच्या अंतरावर आहे.