पडलेल्या मंत्र्याची मुत्सद्देगिरी

नोव्हेंबर २०१५च्या निवडणुकीत मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी-ब्रम क्वाजालेन मतदारसंघात पडले. नवे सरकार जानेवारीत यायचे होते, म्हणून डिसेंबरातल्या पॅरिस हवामान परिषदेला ते औट घटकेचे मंत्री म्हणून गेले. त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम नेमके तिथेच झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष हिल्डा हाइन यांनी त्यांना हवामानविषयक राजदूत नेमले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. मतदारांनी नाकारलेल्या माणसाचे परदेशात इतके वजन कशामुळे होते, हा प्रश्न लहान राष्ट्रांच्या परराष्ट्रनीतीच्या मुळाशी जातो.

मार्शल बेटांची एकूण जमीन सुमारे १८१ चौरस किलोमीटर आणि तीही समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ५३ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. सैन्य नाही; १९८६च्या मुक्त सहयोग करारानुसार संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेची. अशा देशाच्या हाती उरते ते निव्वळ सार्वभौमत्व: संयुक्त राष्ट्रांतले एक मत, आंतरराष्ट्रीय न्यायालयाची पायरी चढण्याचा हक्क आणि जहाजांवर लावायचा झेंडा. डी-ब्रम यांनी ही तिन्ही साधने वापरली. फळ मात्र प्रत्येकाचे वेगळे मिळाले.

याखेरीज त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी पदाबरोबर जाणारी नव्हती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनीवर १५ मेगाटनांचा ‘कॅसल ब्राव्हो’ बॉम्ब फोडला, तेव्हा नऊ वर्षांचा टोनी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या लिकिएप कंकणद्वीपाजवळ आजोबांबरोबर मासे धरत होता. डोक्यावर काचेचे भांडे पालथे घालून त्यावर रक्त ओतावे तसे सगळे लाल झाले, असे ते सांगत. १९४६ ते १९५८ या काळात या बेटांवर अशा ६७ चाचण्या झाल्या. १९४७पासून तो प्रदेश संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश होता आणि विश्वस्त होती अमेरिका!

एप्रिल २०१४ मध्ये मार्शल बेटांनी नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केले. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र ज्यांनी आधीच मान्य केले होते, ते तीनच: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. त्यामुळे ज्या अमेरिकेने बॉम्ब फोडले ती बाहेर राहिली आणि ज्याचा त्या चाचण्यांशी काडीचाही संबंध नाही तो भारत प्रतिवादी झाला. भारतीय वाचकाला हे खटकेल, आणि ते रास्तच आहे. पण दावा नुकसानभरपाईचा नव्हता. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करण्याचे बंधन रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने सर्वांवर आहे, असा तो होता. मार्च २०१६ मध्ये डी-ब्रम यांनी स्वतः उभे राहून लिकिएपची ती सकाळ न्यायाधीशांना सांगितली. तेव्हा ते मंत्री नव्हते.

५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिन्ही दावे दारातच अडले. अर्ज दाखल झाला त्या दिवशी दोन्ही पक्षांत ‘वाद’च अस्तित्वात नव्हता, असे न्यायालयाने ठरवले. भारत आणि पाकिस्तान यांच्या बाबतीत ९ विरुद्ध ७. ब्रिटनच्या बाबतीत ८-८ अशी बरोबरी होऊन अध्यक्षांच्या निर्णायक मतावर. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या नायारित परिषदेत मार्शल बेटांनी केलेले निवेदन वाद सिद्ध करायला फारच मोघम ठरले. माझ्या मते ही कसोटी अतिरेकी काटेकोर होती.

संयुक्त राष्ट्रांच्या पॅरिस परिषदेत मात्र कोणालाही न्यायालयात खेचायचे नव्हते. डी-ब्रम यांनी युरोप, आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या देशांची ‘उच्च आकांक्षा आघाडी’ बांधली. पुढे तीत अमेरिका आणि ब्राझील आले. कोटावर सुकलेल्या झावळीच्या पातीचे बिल्ले लावून ही मंडळी एकत्र सभागृहात शिरली. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे प्रयत्न करण्याचे कलम करारात आले, त्यात या आघाडीचा मोठा वाटा होता. भारत आणि चीन आघाडीबाहेर राहिले. विकसनशील देशांची एकजूट फोडून श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीचा मुद्दा पातळ करण्याचे हे साधन आहे, ही शंका निराधार म्हणता येणार नाही. परिषदेच्या निर्णयातला ५१वा परिच्छेद पाहावा: हवामानबदलाने होणाऱ्या हानी आणि नुकसानीचे करारातले कलम दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होणार नाही, असे तिथे लिहून घेतले गेले. मार्शल बेटांना हा अनुभव नवा नव्हता. १९८६च्या करारात १५ कोटी डॉलर हीच आण्विक दाव्यांची अंतिम तडजोड ठरली होती. त्याच कराराने नेमलेल्या न्यायाधिकरणाने पुढे दोन अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली आणि तिचा बहुतांश भाग दिलाच गेला नाही.

झेंड्याचे प्रकरण सर्वांत अवघड. मार्शल बेटांची जहाजनोंदणी जगातल्या मोठ्या नोंदण्यांपैकी एक, पण तिचा कारभार चालवते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली खासगी कंपनी. २०१५ मध्ये डी-ब्रम लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत गेले आणि जहाजांच्या उत्सर्जनाला मर्यादा घाला, असे त्यांनी मांडले. तेव्हा हा प्रस्ताव टोलवला गेला. २०५० पर्यंत उत्सर्जन २००८च्या तुलनेत निदान निम्म्यावर आणण्याचे धोरण एप्रिल २०१८ मध्ये मंजूर झाले.

हेगचा रस्ताही पूर्ण बंद झाला नाही. वानुआतूच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ मध्ये हवामानबदलावर न्यायालयाचा सल्ला मागितला. अशा सल्ल्यासाठी कोणत्याही प्रतिवादीची संमती लागत नाही, की ‘वाद’ सिद्ध करावा लागत नाही. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले आणि त्यात दीड अंशाची मर्यादा हेच पॅरिस कराराखालचे प्रमुख उद्दिष्ट मानले.