पेंटमधल्या रांगोळीचं आजोळ

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागतो आणि चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरच्या कोवलममध्ये दोन सणांची सजावट शेजारीशेजारी दिसू लागते. पहाटे सडा घातलेल्या दारात पांढरं कोलम, त्याच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. आणि चार घरं पलीकडे नाताळचा कागदी तारा. कोवलमहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता केळंबाक्कमला आयटी कंपन्यांचा पट्टा ओलांडून वंडलूरकडे जातो. तिथून तांबरम जवळच. सुट्टीत मुलं कॉम्प्युटरवर पेंट उघडून रांगोळी काढतात, आकाशकंदील रंगवतात, नाताळचा तारा छापून खिडकीला चिकटवतात. या साध्या उद्योगाचं मूळ शोधायला निघाल्यावर ते तांबरमलाच सापडलं.

तांबरमला मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. तिथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले गिफ्ट शिरोमणी, गणितज्ञ राणी शिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड इमेज प्रोसेसिंग’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय होता ‘अ‍ॅरे ग्रामर्स’ आणि कोलम. दारातल्या पिठाच्या रांगोळीला व्याकरण असतं, आणि ते कॉम्प्युटरला समजेल अशा नियमांत मांडता येतं, हे त्यात दाखवलेलं आहे. तेव्हा मॅकपेंट यायला दहा वर्षं आणि मायक्रोसॉफ्टचं पेंट यायला अकरा वर्षं अवकाश होता.

पेंटचं पितृकुळ सर्वांना माहीत आहे, ते एका दमात सांगता येतं. १९६३ साली आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढल्या, १९७३ साली रिचर्ड शूपने झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ‘सुपरपेंट’ उभं केलं, १९८४ साली बिल अ‍ॅटकिन्सनचं मॅकपेंट आलं, आणि १९८५ साली विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीबरोबर पेंट आलं, झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशवर बेतलेलं. ब्रश, खोडरबर, रंगाची बादली ही सगळी इस्टेट या कुळाची. पण सणाच्या सजावटीत जे खरं काम असतं, म्हणजे एक आकार घ्यायचा, तो नियमाने वळवायचा, परत ठेवायचा आणि त्यातून अंगण भरायचं, ते या कुळाकडून आलेलं नाही. ते आलं आजोळाकडून, म्हणजे कोलमकडून, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की शिरोमणींनी सिद्धान्त आधी मांडला आणि कोलम उदाहरणापुरतं घेतलं. तारखा या आक्षेपाच्या बाजूने आहेत. नोम चॉम्स्कीने भाषेच्या व्याकरणाची गणिती मांडणी १९५६ साली केली होती. अक्षरांच्या एका ओळीसाठी असलेली ही मांडणी आडव्या-उभ्या चौकटीवर, म्हणजेच चित्रावर कशी लावायची, याचा निबंध याच मंडळींनी १९७२ साली लिहिला होता. कोलमचा निबंध त्यानंतरचा. पण माणूस उदाहरण देऊन पुढे निघून जातो, तसं इथे घडलं नाही. पुढची दीड दशकं तांबरमचं काम कोलमपाशी पुन्हा पुन्हा आलं. ठिपक्यांभोवती तारेसारखी वळत जाणारी रेघ म्हणजे ‘कंबी कोलम’. तिच्यासाठी चौकटीचे नियम अपुरे पडतात, कारण ती रेघ जिथून निघते तिथेच परत येते. म्हणून अझ्रिएल रोझेनफेल्डच्या चक्रव्याकरणाचा आधार घेऊन नवी मांडणी करावी लागली. जे उदाहरण सिद्धान्तालाच बदलायला लावतं, ते नुसतं उदाहरण राहत नाही. याच गिफ्ट शिरोमणींनी महाबलीपुरमच्या शिल्पांतली वस्त्रं आणि दागिने यांवर लिहिलं आणि सिंधू लिपीवरही काम केलं. आसपासच्या खुणांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायची सवय असलेल्या माणसाला दारातलं कोलम ‘उदाहरण’ वाटलं असेल, हे मला पटत नाही.

व्याकरण म्हणजे काय, ते एका कोलमवरून पाहू. ‘कृष्णाचे वाळे’ नावाचं कोलम या अभ्यासात प्रसिद्ध आहे. १९६८ साली अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने वनस्पतींची वाढ सांगण्यासाठी नियमांची एक पद्धत शोधली. त्याच पद्धतीने हे कोलम एका ओळीत मावतं. तीन खुणा घ्या: ‘पाऊल’ म्हणजे एक रेघ पुढे, ‘वळण’ म्हणजे पंचेचाळीस अंश, आणि ‘क्ष’ ही नुसती जागा, तिथे काही काढायचं नाही. सुरुवात: वळण, क्ष, वळण, वळण, क्ष. नियम एकच: जिथे क्ष असेल तिथे ‘क्ष, पाऊल, क्ष, वळण, वळण, क्ष, पाऊल, क्ष’ हे लिहा. एकदा बदललं की चार पावलांचा तिरका चौकोन मिळतो. पुन्हा बदललं की वीस पावलं होतात आणि मधल्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना एकेक वेढा येतो. तिसऱ्यांदा चौऱ्याऐंशी. दर वेळी रेघ निघाल्या जागी परत येते, हात न उचलता. शाळेत प्रोग्रामिंगच्या तासाला लोगोचं कासव किंवा स्क्रॅचचा पेन चालवलेलं मूल हे वाळे अर्ध्या तासात काढू शकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अंगोलातले चोक्वे लोक वाळूत ठिपके मांडून त्यांच्याभोवती अशीच रेघ फिरवतात. त्या चित्रांना सोना म्हणतात. पाउलुस गेर्डेस या गणितज्ञाने मोझांबिकमध्ये राहून त्यांचा सखोल अभ्यास केला. मग मान कोलमलाच का? गणित दोन्हीकडे एकच आहे. सरळ मांडलेल्या ठिपक्यांत प्रत्येक दोन शेजाऱ्यांमध्ये रेघांनी एकमेकींना छेद दिला, तर किती वेगळ्या रेघा लागतील ते दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांच्या मसाविवर ठरतं. तीन बाय चारला एकच रेघ पुरते, चार बाय सहाला दोन लागतात, चार बाय चारला चार. हे सोनाला लागू आणि कोलमलाही. फरक काळाचा आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं शास्त्र आकार घेत होतं, त्या दशकातच कोलम त्या शास्त्राच्या नियतकालिकात जाऊन बसलं. कुळकथेत नुसतं साम्य पुरत नाही, नोंद लागते. ती कोलमच्या बाजूने आहे.

आता आपलं घर. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चित्रांच्या प्रकारांत ‘धूलिचित्र’ येतं. मोकळ्या हाताने पूड सोडून आकार भरायचा, ही ती परंपरा. चैत्रातलं चैत्रांगण आणि आजची संस्कारभारती तिच्याच जवळची. ठिपक्यांची रांगोळी ही मला वेगळी शाखा वाटते, आणि तिचे धागे दक्षिणेत गुंतलेले असावेत असा माझा कयास आहे. १६७६ पासून तंजावरात मराठी राज्य होतं. कोलमची दारं आणि मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत नांदली. दोन्हीकडची मोजदादही सारखीच. उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदावरून ठिपके उठवणारी आपली आजी ‘पंधरा ते आठ’ म्हणते, म्हणजे मधली ओळ पंधरांची आणि दोन्हीकडे एकेक कमी होत शेवटची आठांची: एकूण १६९ ठिपके. तमिळमध्ये या अधल्यामधल्या मांडणीला ‘इडुक्कु पुळ्ळी’ म्हणतात.

ही मोजदाद पेंटमध्ये जशीच्या तशी उतरते. ‘सात ते चार’ घ्या, सदतीस ठिपके. एका ओळीतल्या दोन ठिपक्यांत ४० पिक्सेल ठेवा, पुढची ओळ २० पिक्सेल सरकवा आणि ३५ पिक्सेल खाली घ्या. इतकं केलं की षट्कोन नीट बसतो, आणि त्यात सहा पाकळ्यांचं कमळही येतं, नाताळचा सहा टोकांचा ताराही. नुसत्या नव्वद अंशांच्या ‘रोटेट’वर विसंबलात तर सहा पाकळ्या जमत नाहीत, ठिपके मांडले की जमतात.

चौकोनी कोलम असेल तर एक चतुर्थांशच काढा. ‘ट्रान्स्परंट सिलेक्शन’ चालू करून तो तुकडा कॉपी करा आणि मग विचार करा: आरशासारखा पलटायचा की फिरवायचा? कमळ पलटून चालतं. स्वस्तिकाची भुजा पलटली तर चित्र बिघडतं, ती नव्वद अंशांत फिरवावीच लागते. शेवटी रंगाची बादली. रेघेत एका पिक्सेलची फट राहिली तरी रंग सगळ्या कागदावर सांडतो. कोलमची रेघ बंद हवी, नाहीतर अशुभ आत शिरतं, असं तमिळ घरांत मानतात. पेंटमध्ये मूल ती शिस्त पहिल्याच सांडलेल्या रंगापासून शिकतं.

म्हणून शाळांना आणि घरच्यांना माझी विनंती आहे. सुट्टीच्या सजावटीसाठी मुलांना तयार चित्रं उतरवून रंगवायला देऊ नका. कोरा पडदा द्या, सदतीस ठिपके मांडायला सांगा आणि एक नियम ठरवू द्या. येत्या सुट्टीत तेवढं करून पाहा, आणि मूल विचारेल तेव्हा तांबरमच्या त्या तिघांची नावं त्याला जरूर सांगा.