हिंगूळ, हरताळ आणि मिरजेची गीता

आमच्या घरच्या हस्तलिखित पोथीत ‘उवाच’ आणि श्लोकांचे आकडे हिंगुळाने लाल केले आहेत. चुकल्या अक्षरावर पिवळा हरताळ! ‘हरताळ फासणे’ आले ते यातूनच.

पुण्यास नाना फडणविसांच्या वेळी एक तांबट इंग्रजांकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्यास शिकला. १८०० साली नाना गेले. मग त्याला आपल्या शेजारच्या मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी आश्रय दिला, व १८०५ साली तेथे गीता छापली गेली. सुलट उमटावे म्हणून अक्षर उलटे कोरायचे; तांब्यावर हरताळ कुठला?

तरी लोकांना लेखकाच्या बोरूचेच वळण प्रिय. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले, तेही शिळाप्रेसवर, म्हणजे हाताने लिहून दगडावर उतरविलेले.