वडगावचे दोन ओलीस

पुण्याहून मुंबईस जाताना तळेगावच्या पुढे वडगाव मावळ लागते. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये येथे मराठ्यांच्या कोंडीत सापडली. रसद तुटली; जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकाव्या लागल्या. अखेर तह झाला. महादजी शिंदे यांनी शरणागत फौजेस सुखरूप मुंबईस जाऊ दिले. फार्मर व स्टुअर्ट हे दोन इंग्रज मात्र ओलीस राहिले.

फौज परतताच इंग्रजांनी तह अमान्य केला आणि युद्ध पुन्हा पेटले. ओलिसांवर सूड उगविणे सहज शक्य होते. महादजींनी त्यांना सन्मानाने वागविले व १७८० मध्ये मुक्त केले.

पुढे इंग्रजांनी महादजींना भडोच दिले, तेव्हा वडगावचे औदार्य व ओलिसांशी केलेले माणुसकीचे वर्तन हे कारण लेखी नमूद केले. भडोचचे वचन वडगावातच दिले गेले होते, हेही खरे. परंतु सारा तह मोडणाऱ्यांनी तेवढे वचन मात्र पाळले. एवढेच नव्हे, तर १७८२ च्या सालबाईच्या तहास उभय पक्षांनी जामीन म्हणून महादजींनाच स्वीकारले.

जामीन कोणाचा घ्यावा, हे आपण व्यापारी जाणतोच. वानवडीच्या शिंदे छत्रीपाशी गेल्यावर त्यांच्या पराक्रमाइतकेच या विश्वासाचेही स्मरण व्हावे.